देवधरांची ऐरण

"निमकर, तिला नीट धर. पुढं खड्डा आहे."

'तिला' म्हणजे ऐरणीला. जीपच्या मागच्या बाकावर मी अंग चोरून बसलो होतो आणि माझ्या मांडीवर लोहाराची अख्खी ऐरण होती. खरी असती तर एव्हाना माझे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये गेले असते. इथं प्लास्टर ऐरणीतच होतं. आत कागदाचा लगदा, त्यावर प्लास्टरचा थर, वरून काळा रंग आणि गंज वाटावा म्हणून विटकरी फराटे. आमच्या कलादिग्दर्शकानं ती एवढी हुबेहूब केली होती की शूटिंगच्या वेळी युनिटमधला एक जण तिला ठेच लागली म्हणून लंगडत होता.

पुढं ड्रायव्हरशेजारी समीरण देवधर बसले होते. आमचे दिग्दर्शक. त्यांच्या 'बिनमुक्काम' या चित्रपटाला नुकताच मोठा पुरस्कार मिळाला होता. घिसाडी जोडपं, त्यांचा बैलगाडीवरचा संसार, गावोगावची भटकंती आणि शेवटी गावानं हाकलल्यावर पुन्हा रस्ता, अशी गोष्ट. परीक्षकांनी तिला 'अस्सल' म्हटलं होतं. तेव्हापासून देवधर चहासुद्धा अस्सल आहे का, असं विचारून पीत.

त्या दिवशी आम्ही हिंगणवाडीला निघालो होतो. चित्रपट तिथंच काढलेला. आदल्या संध्याकाळी गावानं शाळेच्या भिंतीवर चादर लावून तो पाहिला होता, आणि आता देवधरांचा सत्कार होता.

"ऐरण कशाला घेतलीय बरोबर?" मी विचारलं.

"लोकांना बघू दे."

"त्यांनी पाहिलीय की. शूटिंगला."

देवधरांनी मान वळवली. उत्तर नसलं की ते खिडकीबाहेर बघत. त्यांच्या चित्रपटातही पात्रं असंच करत आणि समीक्षकांना ते फार आवडे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. भटक्यांवर चित्रपट काढायचा तर भटके एका जागी सापडावे लागतात. मी या चित्रपटाचा प्रॉडक्शन मॅनेजर. मी महिनाभर जिल्हा पालथा घातला. खरं भटकणारी माणसं आज इथं दिसत, उद्या कॅमेरा घेऊन जावं तर चुलीची राख तेवढी सापडे. शेवटी हिंगणवाडीत झुंबरबाई आणि तोताराम साळुंके भेटले. तोतारामचे गुडघे गेले होते आणि नवराबायकोनं बरीच वर्षं गाव सोडलं नव्हतं. गुरांच्या दवाखान्यामागं खोपट, पुढं भट्टी. बायको घण मारायची, नवरा सांडशी धरायचा, आणि गावाचे विळे, खुरपी, कुऱ्हाडी तिथंच शेवटल्या जात, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला येत. बैलगाडी त्यांनी केव्हाच विकून टाकलेली. म्हणजे भटकंतीवरच्या आमच्या अस्सल चित्रपटातलं अस्सल जोडपं असं होतं, ज्यानं भटकणं सोडून दिलं होतं. गाडी आम्ही शेजारच्या गावातून आणली. बैल सरपंचांचे.

शेवटच्या दृश्यात झुंबरबाई ऐरण उपटून गाडीवर टाकते आणि चालू लागते. त्याच्या आधी तिचं एक वाक्य आहे: "ऐरण उपटली की त्या गावात आमी फिरून भट्टी पेटवत न्हाई." हे आमच्या लेखकानं लिहिलेलं नव्हतं. ते तिच्याच घराण्याचं चालत आलेलं होतं. म्हणून तर दृश्याच्या दिवशी ती हटून बसली. "काय बी करा, माझी ऐरण हलायची न्हाई." मग गाव जमायच्या आधी तिची ऐरण टोपलीखाली झाकली आणि दुसरी, म्हणजे आत्ता माझ्या मांडीवर असलेली, तिथं पुरली.

हिंगणवाडीत हलगी वाजवून आमचं स्वागत झालं. मारुतीच्या पारापुढं मांडव होता. देवधरांनी मला आणि ड्रायव्हरला दोघांनी मिळून ऐरण मंचावर ठेवायला लावली. सरपंच हिराजी तनपुरे, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणे, ते काटकसरी गृहस्थ. माणसं जमतातच आहेत, तर सत्कारामागोमाग ग्रामसभाही उरकून घ्यावी, असा त्यांनी बेत केला होता. त्या सभेत विषय एकच. दवाखान्यामागची दोन गुंठे जागा साळुंक्यांना द्यायची, की उपसरपंच मुरलीशेठ खेतमाळीस यांच्या मेव्हण्याला पिठाच्या गिरणीसाठी. गिरणीला दिली तर दिवाळीनंतर खोपट हलवायचं. झुंबरबाईनं मला आल्या आल्या बाजूला घेऊन हे सांगितलं.

"आज झालं तर झालं, भाऊ. न्हाईतर ह्यांचे गुडघे घिऊन कुटं जाऊ?"

तोताराम शेजारी काठीवर हात ठेवून बसला होता. "गुडघे माझे, आणि बोलती ही," तो म्हणाला.

"मग बोला तुमी."

"तूच बोल. माझं कोण ऐकतंय."

सत्कार सुरू झाला. शाल, नारळ, हार. सरपंचांच्या मंडळींनी देवधरांना ओवाळलं, आणि ताटात हळदकुंकू उरलंच होतं म्हणून मंचावरच्या ऐरणीलाही वाहिलं. कुणीतरी तिलाही हार घातला. मग देवधर बोलायला उठले. ते माती, मूळ, मुक्ती अशा म-काराच्या वाटेनं बराच वेळ चालले आणि शेवटी ऐरणीपाशी येऊन थांबले.

"ही ती ऐरण," ते म्हणाले. तिच्यावर हात ठेवला. "शेवटच्या दृश्यात झुंबरबाईंनी आपल्या हातांनी उपटलेली. शूटिंग संपलं तेव्हा त्यांनी ती मला दिली. मी ती देवासारखी जपली आहे."

मला ठसका लागला. टाळ्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही. मी झुंबरबाईकडे पाहिलं. ती देवधरांकडे बघत होती, लग्नात भटजी चुकीच्या मुलीचं नाव घेतो तेव्हा नवरी बघते तशी.

चहा झाला आणि त्याच मांडवात ग्रामसभा सुरू झाली. तात्यांनी विषय वाचला आणि म्हणाले, "साळुंके आपल्यातलेच हैत. हात वर करा, की मोकळं होऊ."

"थांबा तात्या." मुरलीशेठ उठले. पांढरी टोपी, सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज तुपातला. "जागा गावच्या रहिवाशाला द्यायची, असा ठरावाचा मसुदा. काल आपण सगळ्यांनी काय पाहिलं? बाई गाव सोडून गेली. मी स्वतः पाहिलं. तुम्हीही पाहिलं."

"तो सिनेमा हुता, शेठ!" मागून कुणीतरी.

"मला एवढंच विचारायचंय. सिनेमा खरा का खोटा? खरा असंल तर बाई गेलेली हाय, आणि गेलेल्या माणसाला जागा कशी द्यायची? खोटा असंल तर आत्ता आपण सत्कार कशाचा केला? मग तो नारळ परत घ्या."

सभा विचारात पडली. नारळ देवधरांच्या मांडीवर होता. त्यांनी नकळत त्याच्यावर हात ठेवला.

एक म्हातारबा उठले. "ते ऱ्हाऊ द्या. पर सायेब, आमी ह्या बाईला काठ्या घिऊन हाकलल्याली कवा? तुमी सांगितलं, पळा तिच्यामागं, आमी पळालो. आता समद्या मुलखाला वाटंल हिंगणवाडी असली."

"आजोबा, ते प्रतीक आहे," देवधर म्हणाले. "तुम्ही म्हणजे सगळी गावं."

"मग दुसऱ्या गावात जाऊन करायचं हुतं प्रतीक. आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत."

हशा झाला. मुरलीशेठही हसले, पण त्यांनी धागा सोडला नाही. "आन् दुसरी गोष्ट. सिनेमात झुंबरबाई स्वतःच्या तोंडानं बोलली, की ऐरण उपटली की त्या गावात फिरून भट्टी पेटवत न्हाई. बोलली का न्हाई?"

झुंबरबाई उभी राहिली. "बोलले. आमचं तसंच हाय. पर माझी ऐरण मी कुटं उपटली? जागच्या जागी हाय. चला, दावते."

"ती नंतर आणल्याली. उपटल्याली ही काय, समोर! कुंकू लावून बसलीय. साहेब खोटं बोलतील का? पुरस्कार मिळालाय त्यांना."

"ती पुठ्ठ्याची हाय," झुंबरबाई म्हणाली.

"तू म्हणणारच, बाई. जागा तुला पायजे. साहेब, तुम्ही सांगा. ऐरण खरी का?"

सगळा मांडव देवधरांकडे वळला. मला वाटलं, सुटलो. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"कलाकृतीत खरं आणि खोटं असं वेगळं काढता येत नाही."

"तसं न्हवं. ऐरण. लोखंडाची का?"

"माझ्यासाठी ती लोखंडाहून जास्त खरी आहे."

"ऐकलं?" मुरलीशेठ म्हणाले आणि खाली बसले.

मी मंचावर चढून देवधरांच्या कानाशी गेलो. "सर, सांगून टाका. तिची जागा जातेय."

"निमकर, जानेवारीत चित्रपट परदेशी जातोय. 'अस्सल' या एका शब्दावर जातोय." तेही कुजबुजले. "आणि खरं सांगू? घर दिलंत ना या माणसांना, तर ती मरतील. भटकणं हा त्यांचा आत्मा आहे."

देवधर स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहत आणि पार्किंगच्या जागेवरून त्यांची सोसायटीशी दोन वर्षं कोर्टात केस चालू होती. आत्मा प्रत्येकाचा वेगळा असतो.

मी सभेकडे तोंड केलं. "मंडळी, ऐरण खोटी आहे. आम्हीच बनवली."

"आपण कोण?" मुरलीशेठनी नम्रपणे विचारलं.

"प्रॉडक्शन मॅनेजर."

"म्हंजी काय करता?"

"राहण्या-जेवणाची व्यवस्था. गाड्या. चहा-नाष्टा."

"मग चहाचं बोला ना. चांगला हुता चहा."

परत हशा. माझे कान तापले. "अहो, मी तिला मांडीवर घेऊन आलो इथपर्यंत!"

"दीड मणाची ऐरण मांडीवर?" म्हातारबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. "अंगात ताकद हाय सायबाच्या. दिसत न्हाई, पर हाय."

"उचलून दाखवतो!" मी ऐरणीकडे वळलो, तर सरपंचांच्या मंडळी आडव्या आल्या. कुंकू लावलंय, हार घातलाय, पूजेची वस्तू अशी उचलायची नसते. आणि उचलायचीच तर आधी आंघोळ केली आहे का? मी पहाटे पुण्याहून निघालो होतो. खरं बोलण्यासाठी माणसाला आधी आंघोळ लागते, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. तात्या हताशपणे टोपी काढून डोकं खाजवत होते. त्यांना जागा साळुंक्यांनाच द्यायची होती, पण दिग्दर्शकाच्या शब्दापुढं चहावाल्याचा शब्द कसा चालवायचा, हे त्यांना सुचत नव्हतं.

"मग घ्यायचं का मतदान?" मुरलीशेठ म्हणाले. "गिरणीच्या बाजूनं कोण कोण..."

एवढ्यात कळलं की झुंबरबाई जागेवर नाही.

ती मांडवाबाहेरून परत येत होती. खांद्यावर घण होता. गावानं हा घण रोज पाहिलेला, त्यामुळे कुणी काही म्हणालं नाही, फक्त वाट करून दिली. ती मंचावर चढली. ऐरणीच्या गळ्यातला हार काढून तिनं सरपंचांच्या मंडळींच्या हातात दिला. पदरानं हळदकुंकू पुसलं. पदर कपाळाला लावला.

"हे काय करती, झुंबरे?" तात्या म्हणाले.

"पूजा करती, तात्या. ऐरणीची पूजा फुलानं न्हाई हुत. घण पडंल तवा तिची पूजा." तिनं पाय रोवले. "साह्यब, जरा मागं सरा. ठिणगी उडंल."

देवधर खुर्चीतून अर्धे उठले.

घण वर गेला. त्या बाईनं घण उचललेला मी चार महिने पाहिला होता, कॅमेऱ्यातून आणि कॅमेऱ्याबाहेरून. एकदा तो डोक्यावर गेला की खाली यायलाच निघे. मुरलीशेठनी चष्मा काढला. म्हातारबांनी कानावर हात ठेवले.

"थांबा!" देवधर ओरडले. "थांबा, फुटेल!"

घण तसाच वर राहिला.

मग म्हातारबांनी कानावरचे हात काढले आणि शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाले?"

"फुटंल म्हणाले."

"काय फुटंल?"

"ऐरण."

"ऐरण?" म्हातारबा म्हणाले. "ऐरण फुटंल?"

आणि मग मांडव हसायला लागला. आधी मागच्या बायका, मग पुरुष, मग तात्या टोपी तोंडावर धरून. झुंबरबाईनं घण हळूच खाली आणला आणि जमिनीवर टेकवला. देवधर उभेच होते, हात पुढं करून. चेहऱ्यावर असा भाव, की तो त्यांनी एखाद्या नटाकडून काढून घेतला असता तर पुन्हा पुरस्कार मिळाला असता.

मुरलीशेठ शेवटपर्यंत लढले, हे मान्य करायला हवं. "मग सत्कार खोटा झाला," ते म्हणाले. "नारळाचं काय?"

"नारळ ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "नारळ खरा हुता. हात वर करा."

हात वर झाले. गिरणीच्या बाजूनं फक्त मेव्हणा आणि मुरलीशेठ. मेव्हण्यानं नंतर इकडंतिकडं पाहून आपला हात खाली घेतला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. देवधर पाच मिनिटांत सावरले. माइक हातात घेऊन म्हणाले, झुंबरबाई केवढी थोर अभिनेत्री आहे हे गावाला कळावं, एवढ्यासाठीच त्यांनी हा सगळा प्रसंग रचला होता. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. चित्रपट जानेवारीत परदेशी गेला. तिथं त्यांनी सांगितलं, की या चित्रपटामुळे एका भटक्या कुटुंबाला घर मिळालं. मुंबईत सांगितलं, दिल्लीत सांगितलं, पुढं त्यांच्या साठीच्या समारंभात सांगितलं आणि मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकलं. मला पुन्हा त्यांच्या युनिटमध्ये काम मिळालं नाही, त्याचं फारसं काही वाटत नाही. चिडचिड वेगळीच आहे. ते वाक्य मी इतकी वर्षं उलटंपालटं करून पाहतोय, पण त्यात खोटं म्हणून बोट ठेवता येईल असा एक शब्द सापडत नाही.

पण त्या दिवशी सभा संपल्यावर मी झुंबरबाईच्या भट्टीकडे गेलो होतो. ती परत कामाला बसली होती. तोताराम दोन गुंठे म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत, हे काठीनं दाखवत होता आणि चुकून शेजाऱ्याचं शेत आत घेत होता. खरी ऐरण ठोकळ्यात रोवलेली होती, तिच्यावर एक अर्धवट विळा.

मी वैतागलेलोच होतो. "बाई, घण तुम्हाला आधीच आणता आला असता. मी तिथं तासभर तोंडघशी पडत होतो."

"म्हनलं, त्ये सोताच्या तोंडानं बोलतील," ती म्हणाली. "चार म्हयने ह्या चुलीवरचं खाल्लंय त्यांनी. बोलतील म्हनून बसले."

"आणि नसते ओरडले तर? मारला असता घण?"

तिनं भात्याची दोरी ओढली. निखारे लाल झाले. गावाकडच्या रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजत होता. देवधरांना निघायची घाई झाली होती.

"न्हाई मारला असता," ती म्हणाली.

"का?"

"का म्हंजी?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी काहीतरी अगदी पोरकट विचारलंय. "दुसऱ्याच्या ऐरणीवर कसा घालायचा घण, भाऊ? त्याचं पोट हाय तिच्यावर."